कुंदाबाईचं लायसन

दार उघडलं की कुंदाबाई लगेच दाराकडे पाठ फिरवायची. कुलपातून ‘कट्’ असा आवाज आला की ती दार बोटभर आत ढकलायची, आपली हत्यारं गोळा करायची आणि जिन्याकडे तोंड करून उभी राहायची. घरातली बाई तोवर आत धावलेली असायची, गॅसवरच्या दुधाकडे नाहीतर पाळण्यातल्या पोराकडे. कुंदाबाई बाहेर लुगड्याला हात पुसत जिन्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या नारळाकडे बघत राहायची. पाणी दिलं तर ते तिथेच प्यायची. कुणी आत बोलावलं तर म्हणायची, “नको गो बाय. मी दार उघडायला आले, घर बघायला नाय.”

बोरीवली पश्चिमेला आमची चार मजली सोसायटी होती. निम्मी घरं मराठी, निम्मी गुजराती. मी जवळच्याच शाळेत शिकवत होते, म्हणून कुंदाबाई मला ‘टीचरबाय’ म्हणायची. ती खाडीपलीकडच्या गोराईची, कोळ्याची बाई. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. बुटकी, रुंद बांध्याची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की तळमजल्यावर बोलली तर गच्चीवर पापड घालणारीला ऐकू जावा. ती सगळ्यांना ‘अरे-तुरे’ करायची. मला, माझ्या सासऱ्यांना, सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि पुढे पोलिसांनाही.

मी लग्न होऊन बोरीवलीला आले तेव्हा ती आमच्याकडे मासळी घेऊन यायची. सकाळच्या होडीने खाडी ओलांडायची आणि डोक्यावर टोपली घेऊन बिल्डिंगी पालथ्या घालायची. दुसऱ्या मजल्यावर मात्र ती थांबायची नाही. तिथे सविताबेनचं घर होतं आणि मासळीची टोपली त्यांच्या दारासमोर टेकवायची नाही असा सोसायटीचा अलिखित नियम होता. कुंदाबाईला त्याचं वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही. तो मजला आला की ती टोपली सावरायची आणि मुकाट्याने पुढे चढायची.

पुढे ती कुलपांच्या धंद्यात पडल्यावर मी एकदा विचारलं होतं, “कुंदाबाई, तुला हे सुचलं तरी कसं?”

ती म्हणाली, “सुचायला काय लागतंय? टोपली उतरवून उंबऱ्याशी बसलं की डोल्यासमोर दोनच वस्तू येतात. मालकिणीचे पाय नायतर दाराचं कुलूप. पायाकडं किती वेल बघणार?”

अशी कित्येक वर्षं ती आमच्या भागातली कुलपं नाकासमोर बघत आली होती. माणसांची नावं तिच्या लक्षात राहायची नाहीत, दारं राहायची. मी टीचरबाय होण्याआधी तिच्या लेखी ‘पितळी लॅचवाली’ होते. तिसऱ्या मजल्यावरचे आमचे सेक्रेटरी पाटणकर म्हणजे ‘दोन कुलपांचा मानूस’.

मासळी सुटली ती हातांमुळे. बर्फात आणि खाऱ्या पाण्यात हात घालून घालून तिच्या बोटांना भेगा पडल्या आणि त्या चिघळायला लागल्या. हळद झाली, खोबरेल झालं, गावच्या वैदूचा लेप झाला. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की बर्फ सोड, नाहीतर बोटं सोडावी लागतील. तिचा नवरा जनू होडीवर कामाला होता. दोन मुली होत्या, त्यांची शाळा होती. घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं आणि जमणारं त्याहून नव्हतं. मग ती स्टेशनबाहेर, पुलाच्या जिन्याखाली, लिंबं-मिरच्या घेऊन बसायला लागली.

तिच्या शेजारी नन्हेचाचा बसायचे. मूळचे अलिगढचे, आजोबा-पणजोबांपासून कुलपांच्या कामातले. समोर एक लाकडी पेटी, तारेच्या कड्यात ओवलेल्या शेकडो जुन्या चाव्या, आणि पांढरीशुभ्र दाढी. त्यांना घाईचं वावडं होतं. गाडी चुकेल म्हणून गिऱ्हाईक तडफडत असायचं आणि चाचा चावी डोळ्यासमोर धरून अशी बघायचे की जणू मुलगी सांगून आली आहे.

हात बरे होईपर्यंत कुंदाबाई नुसती बघत होती. पावसाळा गेला, दिवाळी गेली, बोटांवर नवी कातडी आली. एक दिवस ती म्हणाली, “चाचा, मना शिकव.”

चाचा हसले. “बेटी, ये पराये दरवाज़ों का काम है. औरत को कौन बुलाएगा?”

“दुपारच्या टायमाला घरात कोन असतो चाचा? बाईच असते. तिच्या दारात परका बाप्या बसला तर ती घाबरते. मी बसले तर नाय घाबरणार.”

चाचांनी पुढची चावी हातात घेतली. दिवसभर काम करत राहिले आणि संध्याकाळी पेटी बंद करताना म्हणाले, “कल से रेती पकड़.”

दुसऱ्या दिवशी कुंदाबाई गोराईच्या किनाऱ्यावरची गाठोडंभर वाळू घेऊन हजर झाली. होडीतून, मग बसमधून, डोक्यावर. चाचांसमोर गाठोडं सोडून म्हणाली, “ही घे रेती. किती लागंल ते बोल, आमच्याकडं कमी नाय.” चाचांना आधी काही कळेना. मग त्यांनी पेटीतून कानस काढून दाखवली. त्यांच्या भाषेत कानशीला रेती म्हणतात. ही गोष्ट कुंदाबाईनेच मला सांगितली, आणि सांगताना ती इतकी हसत होती की तिला भिंतीला टेकावं लागलं. चाचांनी ती वाळू फेकली नाही. जिन्याखाली चिखल व्हायचा तिथे त्यांनी ती पसरली आणि तिच्यावर कुंदाबाईसाठी गोणपाट टाकलं. शिकवणीतली तिची जागा ती.

पहिले कित्येक महिने नुसती कानस. पितळेचा तुकडा घ्यायचा आणि घासायचा, चाचा बघणार आणि बाजूला टाकणार. मग चाव्यांच्या नकला. मग चावी नसलेल्या कुलपाला चावी करणं. दिव्याच्या काजळीवर कोरी चावी धरायची, काळी झाली की कुलपात घालून अगदी हलकी फिरवायची आणि बाहेर काढून बघायचं. जिथली काजळी पुसली तिथे कानस लावायची. परत काजळी, परत कुलूप. शाळेतून येताना मी तिला अशी बघायची, चावी उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून, जिभेचं टोक बाहेर काढून. आजूबाजूने गर्दी वाहत असायची. पहिल्या वर्षी लोक थांबून बघायचे. काही जण वाईटही बोलायचे. कोळणीने टोपली टाकून चोराचा धंदा धरला, असं तिच्या गावात तिच्या जावेनेच उठवलं होतं.

“मग तू काय म्हणालीस?” मी विचारलं.

“बोल्ले, तुझ्या कपाटाची चावी हरवंल ना, तवा ये.” आणि मग थोडं थांबून, “आली पण. लग्नाच्या आदल्या दिवशी.”

शिकवणी संपली ती एका शुक्रवारी. चाचा खोलीवरून आपली पत्र्याची ट्रंक हातगाडीवर घालून घेऊन आले आणि म्हणाले, “इसकी चाबी खो गई. खोल.” कुलूप जुनं, त्यांच्या वडिलांच्या हातचं. कुंदाबाईची सगळी सकाळ त्यात गेली. लिंबं-मिरच्या त्या दिवशी कुणी विकल्या कोण जाणे. दुपारी कुलूप सुटलं तेव्हा तिने ते कडीतून काढलं, चाचांच्या हातात ठेवलं आणि झाकणाला हात न लावता बाजूला सरकून बसली.

“अंदर नहीं देखना?”

“तुझी ट्रंक हाय. तू बघ.”

चाचांनी झाकण उघडलं. आत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला हत्यारांचा एक संच होता. कानशी, आकडे, पातळ पट्ट्या, छोटी हातोडी. त्यांनी तो तिच्या ओटीत ठेवला आणि म्हणाले, “अब तू कारीगर.” चाचांच्या लेखी प्रश्न तिथे मिटला होता. त्यांच्या उस्तादाने त्यांना असंच सांगितलं होतं, आणि त्या उस्तादाला त्याच्या उस्तादाने.

पण कुंदाबाईचं समाधान होईना. तिला लायसन हवं होतं.

“होडीला लायसन हाय,” ती मला हिशेब सांगायला बसली. “रेडिओला होतं. सायकलीला होतं. बाजारात बसायला पावती फाडतात. आनि दुसऱ्याचं घर उघडायला कायच नको? कुनीपन उठावं आनि उघडावं?”

मला तिचं म्हणणं बिनतोड वाटलं. आम्ही आधी वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथल्या क्लार्कने सांगितलं की दुकानाचं लायसन आहे, हातगाडीचं आहे, कुत्रा पाळायचं आहे, कुलपं उघडायचं नाही. पोलिसांकडे विचारा. पोलीस ठाण्यात शिर्के नावाचे हवालदार टेबलावर होते. पोट सुटलेले, सावकाश बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“असं लायसन नसतं बाई.”

“नाय ना? मंग मना पयलं दे.”

शिर्क्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी शाळेच्या कागदावर तिच्या चांगल्या वर्तणुकीचं पत्र लिहून नेलं होतं, ते पुढे केलं. खूप विचार करून ते म्हणाले, “असं करा. तुमचा एक फोटो आणि पत्ता देऊन ठेवा. म्हणजे आम्हाला माहिती राहील की ही बाई हे काम करते. लायसन नाही, पण नोंद झाली.”

कुंदाबाईला ते पटलं. फोटो काढायला ती लग्नाला जावं तशी गेली. नवं हिरवं लुगडं, कानांत सोन्याची फुलं, केसांत अबोलीची वेणी. स्टुडिओवाल्याने पासपोर्टच्या आकाराचा काढू म्हटलं तर ही म्हणाली, “लुगडं दिसाया पायजे.” म्हणून तो अर्ध्या पोस्टकार्डाएवढा फोटो निघाला. तो तिने शिर्क्यांच्या हातात दिला आणि त्या संध्याकाळी पुलाखाली बसलेल्या सगळ्यांना पेढे वाटले.

सहा-आठ महिने छान गेले. तिचा धंदा तिने म्हटलं होतं तसाच वाढला. दुपारी दार ओढलं गेलं, चावी आत राहिली, की बायका पोराला पुलाखाली पिटाळायच्या, “कुंदामावशीला बोलव.” तिचा नियम एकच होता. आजूबाजूच्या दोन घरांतली दोन माणसं समोर उभी राहिल्याशिवाय ती पेटी उघडायची नाही. कुणी घाई केली तर म्हणायची, “घाई तुला हाय, दाराला नाय. जा, शेजारनीला हाक मार.” यातून आमच्या सोसायटीत एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघी बोलायला लागल्या, हे मी स्वतः पाहिलं.

सविताबेननी तिला पहिल्यांदा बोलावलं तो दिवस मला आठवतो. त्यांच्या देवघराच्या कपाटाचं कुलूप अडलं होतं. कपाट आत असल्यामुळे तिला आत जावंच लागलं. कुंदाबाई उंबऱ्याशी थांबली आणि मला म्हणाली, “टीचरबाय, तिला विचार, मी येऊ ना?” सविताबेन आतूनच म्हणाल्या, “आवो ने बेन, विचारते काय.” कुलूप उघडलं आणि कुंदाबाईने देवघरातही भिंतीकडे तोंड केलं. सविताबेननी तिला पेल्यातून पाणी दिलं. ते ती बाहेर जिन्यात येऊन प्यायली.

मग अचानक तिला बोलावणी येईनाशी झाली.

आधी वाटलं, मे महिना आहे, लोक गावी गेले असतील. पण पुलाखालीही गिऱ्हाइकं तिच्यापुढून चाचांकडे जायला लागली. आमच्याच खालच्या घरातलं दार अडकलं तर त्यांनी सुतार बोलावून कडी कापली. मी त्या बाईंना विचारलं, तेव्हा त्या आवाज खाली करून म्हणाल्या, “अहो, पोलिसात फोटो लावलाय तिचा. पाटणकरांनी डोळ्यांनी बघितलाय.”

झालं होतं असं. पाटणकरांच्या स्कूटरची स्टेपनी चोरीला गेली, म्हणून ते तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेले. तिथे भिंतीवर एकच फलक होता, आणि त्यावर त्या भागातल्या पाकीटमारांचे आणि घरफोड्यांचे फोटो चिकटवलेले होते. शिर्क्यांना कुंदाबाईचा फोटो हरवू नये अशी काळजी. त्यांनी तोही तिथेच लावला होता. दोन घरफोड्यांच्या मधोमध हिरव्या लुगड्यातली, केसांत वेणी माळलेली आमची कुंदाबाई. पाटणकर माणूस वाईट नव्हे. सेक्रेटरी म्हणून सभासदांना सावध करणं आपलं काम आहे, असं त्यांना वाटलं, इतकंच.

तिला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. पुलाखाली तिच्याशेजारी गोणपाटावर बसून मी सांगितलं. ती कानशीवरचा पितळेचा चुरा अंगठ्याने झाडत बसली. मग म्हणाली, “मी लुगडं नवं नेसले होते गो.”

चाचा शेजारून म्हणाले, “कागज़ माँगने गई, दाग ले आई.” पण त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता.

आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. शिर्के खरोखर ओशाळले. “अहो, फलक एकच आहे,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्यांनी फोटो काढून आपल्या टेबलावरच्या काचेखाली ठेवला. पण फलकावरून फोटो निघाला तरी लोकांच्या मनातून निघत नाही. मी सोसायटीत घरोघर सांगितलं. लोक ‘हो का, असं का’ म्हणायचे आणि सुताराला बोलवायचे. एकट्या सविताबेननी तिला निरोप धाडला, काहीतरी क्षुल्लक काम काढून. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “चोर माणस तो आत बघते. ही तो भिंतीकडे बघते. मला समजते ने.”

कुंदाबाईने पुन्हा लिंबं-मिरच्या मांडल्या. हत्यारांची पेटी ती रोज आणायची, उघडायची नाही. जनू तिला म्हणाला, चल, घरी बस, मी आहे ना. ती तरी रोजच्या होडीने येतच राहिली. तिचा आवाज खाली आला होता. मला तीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली.

त्याच सुट्टीतली एक सकाळ. मी तिच्याकडून लिंबं घेत होते तेव्हा एक तरुण शिपाई सायकल दामटत आला आणि म्हणाला, “कुंदाबाई कोण? साहेबांनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय. पेटीसकट.”

फळवाल्याने तराजू खाली ठेवला. कुंदाबाई उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, “टीचरबाय, तू चल.” पुढे सायकल हातात धरून शिपाई, मागे पेटी घेतलेली ती, तिच्यामागे लिंबाची पिशवी घेतलेली मी, असे आम्ही अख्ख्या बाजारातून गेलो. समोरून पाटणकर भाजी घेऊन येत होते. ते बाजूला सरकले आणि मला हळू आवाजात म्हणाले, “मी सांगितलं होतं ना?”

ठाण्यात पोचलो तर निराळंच प्रकरण. कोठडीच्या कुलपात चावी मोडली होती. आत एक आरोपी, त्याला कोर्टात हजर करायची वेळ होत आलेली, गाडी बाहेर उभी. इन्स्पेक्टर साहेब येरझाऱ्या घालत होते. कुलूप कापलं असतं, पण सरकारी कुलूप, त्याचा वर खुलासा कोण देणार? शेवटी शिर्क्यांनी टेबलाच्या काचेखालच्या फोटोकडे बोट दाखवलं होतं, “साहेब, ह्या बाईंना बोलवू का?”

“उघड लवकर,” साहेब म्हणाले.

कुंदाबाईने पेटी खाली ठेवली. उघडली नाही.

“दोन शेजारी लागतात.”

“कसले शेजारी? हे पोलीस ठाणं आहे.”

“असू दे. घर कुनाचं हाय ते मी बघत नाय. शेजारी दोन लागतात. एक ही टीचरबाय. दुसरा समोरचा चायवाला बोलव.”

साहेबांनी शिर्क्यांकडे बघितलं, शिर्के छताकडे बघत होते. चहावाला आला, हात पुसत. मग ती म्हणाली, “आनि एक कागद लागंल. मना कुलूप उघडायला तूच सांगितलं, असं लिहून दे. सई कर, शिक्का मार. मागच्या टायमाला नुसता फोटो दिला तर तो चोरांत लावला. आता तुझ्या कोठडीचं कुलूप उघडलं तर मनाच आत घालशील.”

मला वाटलं, आता साहेब भडकणार. पण त्यांना तो फलकावरच्या फोटोचा प्रकार माहीतच नव्हता. त्यांनी शिर्क्यांना विचारलं, शिर्क्यांनी खालच्या मानेने सांगितलं. साहेब खुर्ची ओढून बसले आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘श्रीमती कुंदा जनार्दन कोळी, राहणार गोराई, यांना या पोलीस ठाण्याच्या कोठडीचे कुलूप उघडण्यास परवानगी देण्यात येत आहे.’ खाली सही. शिर्क्यांनी गोल शिक्का मारला. कुंदाबाईने मला ते मोठ्याने वाचायला लावलं, घडी केली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि मगच कोठडीपुढे मांडी घातली.

आतला आरोपी गजांना धरून बघत होता. घरफोडीतलाच माणूस होता. थोडा वेळ त्याने दम धरला, मग त्याला राहवेना. “मावशी, जरा डावीकडं दाबा. तसं नाय, पट्टी खाली घ्या.”

कुंदाबाई मान वर न करता म्हणाली, “गप रे. तुझ्याकडं शिकले असते तर आज मी पन आत असते.”

शिपाई हसले, चहावाला हसला, आणि साहेबही मिशीत हसले. तिने बारीक आकड्याने मोडलेला तुकडा बाहेर काढला, दोन्ही तुकडे फरशीवर जुळवले आणि त्यावरून कोरी चावी घासायला घेतली. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं तेव्हा शिर्केच त्यांना म्हणाले, “साहेब, घाई करू नका, जोर लावला की कुलूप रुसतं.” हे वाक्य कुंदाबाईचं. फोटो द्यायला गेली तेव्हा तिने ते शिर्क्यांनाही ऐकवलं असावं. चावी फिरली. कुंदाबाईने कुलूप शिर्क्यांच्या हातात दिलं आणि कोठडीकडे पाठ करून उभी राहिली.

आरोपी वेळेत गाडीत बसला. साहेबांनी विचारलं, “काय देऊ तुम्हाला?” ‘तुम्हाला’ म्हणाले, ते माझ्या लक्षात राहिलं.

“मजुरी दे. आनि मना परत पाठवायचं तर नीट पाठव. मगाशी शिपायाच्या मागं आले, सगल्या बाजाराने बघितलं.”

“जीपमधून सोडू का?”

“जीपमधून उतरले तर झालंच.”

मग साहेबांनीच तोड काढली. परत जाताना कुंदाबाई पुढे, मोकळ्या हाताने. तिच्यामागे शिर्के हवालदार, वर्दीत, टोपी घालून, दोन्ही हातांनी तिची पेटी उचलून. ते वाटेत दर दहा पावलांवर कुणाला ना कुणाला सांगत होते, “ठाण्याचं काम होतं. या आमच्या कुलपांच्या कारागीर.” फळवाल्याने सलाम केला. चाचा उठून उभे राहिले. पाटणकर त्या वेळी तिथे नव्हते, पण त्यांना पाचव्या मिनिटाला कळलं असणार, कारण संध्याकाळी ते माझ्याकडे येऊन विचारत होते की दुसऱ्या कुलपाची चावी जरा घट्ट जाते, ती बाई कधी मोकळी असते. कुंदाबाई गेली, त्यांची चावी नीट केली, आणि फोटोबद्दल अवाक्षर काढलं नाही. नंतर मी टोकलं तर म्हणाली, “दोन कुलपांचा मानूस गो तो. भित्रा असतो. रागवून काय करू?”

तो कागद तिने काच लावून फ्रेम करून घेतला आणि पुलाखाली आपल्या जागेवर खिळ्याला टांगला. लोकांना सांगायची, “हे माझं लायसन.” घाईत साहेबांनी त्यावर तारीख घातली नव्हती. म्हणजे कागद शब्दशः वाचला तर तिला त्या कोठडीचं कुलूप केव्हाही उघडायची परवानगी होती. पुढे नवे साहेब बदलून आले, त्यांनी एकदा तो कागद तिथे वाचला आणि धावतपळत शिर्क्यांना विचारायला गेले, असं शिर्केच सांगायचे.

नंतरची वर्षं तिची सुखाची गेली. चाचा थकले आणि अलिगढला मुलाकडे गेले. जाताना त्यांनी तारेचं कडं, सगळ्या जुन्या चाव्यांसकट, तिला दिलं. तिच्या दोन्ही मुली मॅट्रिक झाल्या. मोठी नर्सिंगला गेली. नवऱ्याने टाकलेली पुष्पा नावाची एक बाई तिच्याकडे शिकायला यायला लागली. कुंदाबाईने तिला पहिल्याच दिवशी पोलीस ठाण्यात नेऊन फोटो द्यायला लावला. शिर्क्यांनी तोवर खास छोटा वेगळा फलक करून घेतला होता. पुष्पाला ती चाचांसारखीच शिकवायची, पण गप्प बसणं तिला चाचांसारखं जमायचं नाही. दिवसभर बडबड. आवाज पुन्हा गच्चीपर्यंत जाणारा.

आणखी काही वर्षांनी माझ्या मिस्टरांची नाशिकला बदली झाली आणि आम्ही बोरीवलीची जागा विकली. सामानाचा ट्रक सकाळीच पुढे गेला होता. नवी मंडळी दुपारी ताबा घ्यायला आली, तरुण नवराबायको. मी कुंदाबाईला बोलावून ठेवलं होतं, जुना लॅच काढून नवा बसवायला. सविताबेन आणि पाटणकर नियमाप्रमाणे जिन्यात येऊन उभे राहिले.

तिने काम उरकलं. तीन चाव्या निघाल्या. मी सवयीने हात पुढे केला. तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि तिन्ही चाव्या त्या नव्या मुलीच्या हातात ठेवल्या.

“मोजून घे गो बाय. तीनच हायत. चौथी कुनाकडंच नाय, टीचरबायकडं पन नाय.”

त्या मुलीने चाव्या मोजल्या आणि थोडी संकोचून आत गेली. दार लागलं. इतकी वर्षं मी ते दार आतून लावत आले होते. मी तशीच उभी राहिले.

कुंदाबाईने पेटी डाव्या काखेत घेतली आणि उजव्या हाताने माझा दंड धरला. तिची बोटं खरखरीत होती, कानशीसारखी. “चल,” ती म्हणाली, “भरती हाय, होडी लवकर सुटंल. फाटकापर्यंत माझ्यासंगं चल.”

आम्ही जिना उतरलो. प्रत्येक मजल्यावर ती मला दाराची हकीकत सांगत होती. हिने बोल्ट चुकीचा बसवलाय, त्याची चावी लवकरच मोडणार, इकडे पोर रुसून आत बसलं होतं. मी ऐकत होते आणि रडायचं विसरले. फाटकाशी तिने माझा हात सोडला.

“नाशिकला कुलूप अडलं तर जोर लावू नको हां. मना पत्र टाक.”

आणि ती गोराईच्या बसकडे निघाली, भराभर, मागे न बघता. कोपऱ्यावरच्या बिल्डिंगीतून कुणीतरी बाई गॅलरीत येऊन तिला हाका मारत होती. ती थांबली, वर बघितलं आणि रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “येतंय गो. तवर शेजारनीला उठव.”